तीन सर्व्हरचं सेफ क्लस्टर संथ चालतंय, म्हणून रिप्लिका कमी कराव्यात का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. भोसरीतला छोटा कारखाना, तीन सर्व्हर, त्यांवर प्रॉक्समॉक्स (एका यंत्रावर अनेक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, चालवणारं सॉफ्टवेअर) आणि सेफ (Ceph, अनेक सर्व्हरच्या डिस्क जोडून एकच साठा करणारं आणि डेटाच्या प्रती ठेवणारं सॉफ्टवेअर). प्रत्येक सर्व्हरमध्ये दुकानात सहज मिळणाऱ्या २ टीबीच्या चार एनव्हीएमई डिस्क, मधे १० गिगाबिटचा स्विच. ईआरपी, म्हणजे चलन-साठा-हिशोबाचं सॉफ्टवेअर, पोस्टग्रेस डेटाबेसवर चालतं. मोठी फाइल झपाट्याने कॉपी होते, पण एक चलन सेव्ह करायला वेळ लागतो आणि महिनाअखेरीला स्टोअरची माणसं स्क्रीनकडे बघत बसतात. आधीच्या एकुलत्या एक जुन्या सर्व्हरवर हा त्रास नव्हता. ईआरपीवाल्याने तीन उपाय सुचवलेत: रिप्लिका, म्हणजे डेटाच्या प्रती, तीनऐवजी दोन करा, मिन-साइझ (किमान किती प्रती हजर असल्या की काम चालू ठेवायचं तो आकडा) १ करा आणि व्हीएमच्या डिस्कचा कॅशे ‘अनसेफ’वर टाका. हे करावं, की सेफच सोडून दुसरं काही घ्यावं?

तिन्हींपैकी एकही करू नका. पण तिन्हींना एकाच मापाने मोजूही नका, कारण एकाने वेग थोडा वाढेल, एकाने अजिबात वाढणार नाही आणि एकाने खूप वाढेल. जो खूप वाढवेल तोच सगळ्यात घातक आहे.

आधी संथपणा येतो कुठून ते पाहू. मोठी फाइल वेगात जाते म्हणजे बँडविड्थ भरपूर आहे. अडचण आहे एकेका छोट्या लिखाणाला लागणाऱ्या वेळेची, म्हणजे लेटन्सीची. चलन सेव्ह झालं की पोस्टग्रेस आपल्या लॉगमध्ये नोंद लिहितं आणि एफसिंक मागतं: ‘हे खरोखर डिस्कवर गेलं का, पोच द्या.’ पोच येईपर्यंत ते व्यवहार पूर्ण झाला असं म्हणत नाही. ही मागणी व्हीएमच्या कर्नलमधून बाहेर पडते, नेटवर्कवरून त्या डेटाच्या मुख्य ओएसडीकडे (ओएसडी म्हणजे एकेक डिस्क सांभाळणारा सेफचा प्रोग्राम) जाते, मुख्य ओएसडी ती इतर दोन सर्व्हरवरच्या ओएसडींना पाठवतो, तिघेही आपापल्या डिस्कवर लिहून घेतात, दोघांची पोच मुख्याकडे येते आणि मग मुख्याची पोच तुमच्या व्हीएमकडे. सेफ तीनही ठिकाणी लिहून झाल्याशिवाय ‘झालं’ म्हणत नाही.

आता साधा हिशोब करा. या सगळ्या फेरीला १ मिलिसेकंद लागला, तर एकामागून एक अशी सेकंदाला १,००० लिखाणं होतील. ५ मिलिसेकंद लागले तर २००. डिस्कच्या खोक्यावर किती वेग लिहिलाय याचा या आकड्याशी थेट संबंध नाही. मोठी फाइल कॉपी करताना एकाच वेळी बरीच लिखाणं वाटेत असतात, त्यामुळे एकेकाचा उशीर झाकला जातो. चलनाच्या बाबतीत पुढचं पाऊल मागच्या पोचेवर अडलेलं असतं.

जुन्या सर्व्हरशी तुलना करताना एक गोष्ट तपासा. त्यात बॅटरीवाला रेड कंट्रोलर (अनेक डिस्क एकत्र सांभाळणारं कार्ड) असेल, तर तो आपल्या मेमरीत डेटा घेऊन लगेच पोच देत होता. वीज गेली तरी बॅटरी तो डेटा सांभाळत असे, म्हणून ती पोच खोटी नव्हती. नव्या मांडणीत ही बॅटरी कोणाकडे आहे? तुमच्या डिस्क साध्या ग्राहकवर्गातल्या असतील, तर कोणाकडेच नाही. माझ्या मते तुमच्या दुखण्याचं मूळ बहुतांशी इथेच आहे.

सर्व्हरसाठी बनवलेल्या एसएसडीमध्ये वीज गेल्यावर काही क्षण पुरेल इतकी ऊर्जा साठवणारे कॅपॅसिटर असतात. याला पॉवर लॉस प्रोटेक्शन, बोलताना नुसतं पीएलपी म्हणतात. असे कॅपॅसिटर असल्यामुळे ती डिस्क आपल्या डीरॅममध्ये, म्हणजे तात्पुरत्या मेमरीत, डेटा आला की लगेच प्रामाणिक पोच देऊ शकते. साध्या डिस्कला ती सोय नाही. एफसिंक आलं की तिला खरोखर फ्लॅशच्या पेशींपर्यंत लिहावं लागतं आणि तिथे ती गुडघे टेकते. खोक्यावर सेकंदाला ३,५०० एमबी लिहिलेली डिस्कसुद्धा ४ केबीच्या एकेका सिंक लिखाणात काही शे ते एखाद-दोन हजारांवर येते. पीएलपीवाली, कागदावर कमी वेगाची दिसणारी डिस्क त्याच चाचणीत काही दहा हजारांचा पल्ला गाठते. सेफमध्ये तीन डिस्कांची पोच यावी लागते, म्हणजे तिघींतली सगळ्यात हळू डिस्क तुमचा वेग ठरवते.

हे माझ्या शब्दावर घेऊ नका, मोजून बघा. एक डिस्क क्लस्टरमधून रीतसर बाहेर काढा, रिकामी करा आणि तिच्यावर फायो (डिस्कचा वेग मोजणारा प्रोग्राम) चालवा: ब्लॉक ४ केबी, लिखाण क्रमवार, डायरेक्ट आणि सिंक दोन्ही चालू, जॉब एक, क्यू डेप्थ (एका वेळी वाटेत असलेली लिखाणं) एक. किमान काही मिनिटं चालू द्या. साध्या डिस्कांमध्ये सुरुवातीला एसएलसी कॅशे (फ्लॅशचा छोटा, वेगवान भाग) काम उरकतो आणि तो भरला की वेग कोसळतो. पहिल्या दहा सेकंदांचा आकडा फसवा असतो. (डेटा असलेल्या डिस्कवर ही चाचणी चालवाल तर डेटा जाईल. डिव्हाइसचं नाव दोनदा वाचा.)

आता ईआरपीवाल्याचे उपाय.

रिप्लिका तीनच्या दोन केल्या तर जागा वाढते, नेटवर्कवरचा भार कमी होतो आणि एकूण थ्रूपुटही (ठरावीक वेळात सगळं मिळून होणारं काम) थोडं सुधारतं. पण एका चलनाच्या उशिरात फार फरक पडत नाही, कारण दोन्ही प्रतींना लिखाण एकाच वेळी जातं. दोघांतल्या हळू असलेल्याची वाट बघण्याऐवजी एकाची बघाल, इतकंच.

मिन-साइझ १ ने वेग वाढत नाही. अजिबात नाही. किती प्रती जिवंत असतील तोवर लिखाण स्वीकारायचं, एवढंच ती सेटिंग ठरवते. सगळं ठीकठाक चालू असताना ती १ असो की २, मुख्य ओएसडी हजर असलेल्या सगळ्या प्रतींच्या पोचेची वाट बघतोच. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, असा हा उपाय. शिवाय पखालीचं नुकसान वेगळंच.

ते नुकसान कसं होतं ते नीट बघण्यासारखं आहे, कारण बऱ्याच जणांना वाटतं की फार तर शेवटची दहा मिनिटं जातील. समजा साइझ (एकूण प्रती) २, मिन-साइझ १ आहे. गुरुवारी कारखाना बंद, म्हणून तुम्ही ‘ब’ सर्व्हर अपडेटसाठी खाली घेतला. ‘अ’ एकटा लिखाण घेत राहिला, कारण तुम्हीच त्याला तशी परवानगी दिलीत. तेवढ्यात ‘अ’मधली एक डिस्क गेली. ‘ब’ परत आला, पण त्याच्याकडची प्रत जुनी. सेफला हे कळतं, कारण कोणत्या काळात कोण एकटा लिहीत होता याची नोंद त्याच्याकडे असते. म्हणून तो त्या प्लेसमेंट ग्रुपवरचं, म्हणजे डेटाच्या त्या गटावरचं, वाचन-लेखन थांबवतो. इथपर्यंत सॉफ्टवेअर बरोबर वागतंय. मग कोणीतरी नेटवर शोधून ती डिस्क ‘लॉस्ट’ ठरवण्याची कमांड देतो आणि जुनी प्रत पुढे चालू होते.

आता व्हीएमची डिस्क सेफमध्ये सलग ठेवलेली नसते. तिचे ४ एमबीचे तुकडे करून ते वेगवेगळ्या प्लेसमेंट ग्रुपमध्ये विखुरलेले असतात. मेलेल्या डिस्कवर त्यातले काहीच तुकडे होते. म्हणजे तुमच्या डेटाबेसचे काही तुकडे सकाळचे, बाकीचे दुपारचे. टेबल जुनं, त्याचा इंडेक्स नवा. दहा मिनिटांचं काम गेलं असतं तर ते पुन्हा टाइप करता आलं असतं. इथे काय बिघडलंय हेच आठवडाभर कळत नाही आणि तोवर रोजचे बॅकअपही त्याच बिघडलेल्या डेटाचे झालेले असतात.

तिसरा उपाय, कॅशे ‘अनसेफ’. याने मात्र चलनं क्षणात सेव्ह होऊ लागतील आणि ईआरपीवाला हुशार ठरेल. कारण या मोडमध्ये क्वेमू (व्हीएम चालवणारा प्रोग्राम) व्हीएमकडून आलेली फ्लशची, म्हणजे डिस्कवर लिहून टाकण्याची, मागणी सरळ कानाआड करतो आणि ‘झालं’ म्हणून सांगतो. खाली तीन प्रती असोत की तीस, डेटा तिथवर पोचलेलाच नसतो. कोणी म्हणेल, मेमरीत अडकलेला डेटा काही एमबीच तर असतो. असेल. पण प्रश्न आकाराचा नाही, क्रमाचा आहे. पोस्टग्रेसची सगळी भिस्त ‘आधी लॉग, मग टेबल’ या क्रमावर आहे. फ्लश मोडीत काढला की हा क्रम पाळला जाईल याची हमी उरत नाही. वीज गेल्यावर टेबलाचं पान डिस्कवर आणि लॉगची नोंद गायब, अशी अवस्था होऊ शकते. ‘राइटबॅक’ मोडशी याची गल्लत करू नका. राइटबॅक फ्लशचा मान राखतो आणि सेफच्या डिस्कवर तो वापरायला माझी हरकत नसते. पण त्याने एफसिंकची फेरी टळत नाही, त्यामुळे चलनाला त्याचा उपयोग मर्यादित.

वेगासाठी टिकाऊपणा थोडा सोडणं यात गैर काही नाही, पण तो कोणत्या थरावर सोडायचा हे महत्त्वाचं. खालच्या थराला, म्हणजे सेफला किंवा क्वेमूला, कुठला ब्लॉक जीएसटीच्या बिलाचा आणि कुठला मशीनच्या तापमानाच्या नोंदीचा हे माहीत नसतं. तिथे सूट दिली की ती सगळ्यांना सरसकट मिळते, डेटाबेसच्या आतल्या मांडणीलाही. वरच्या थराला, डेटाबेसला किंवा ईआरपीला, काय गेलं तर चालेल हे ठाऊक असतं.

पोस्टग्रेसमध्ये हे अगदी स्वच्छ दिसतं. ‘सिंक्रोनस कमिट’ बंद केलं, तर वीज गेल्यावर शेवटच्या क्षणांतले काही व्यवहार जाऊ शकतात. नेहमीच्या सेटिंगला ही खिडकी जास्तीत जास्त ०.६ सेकंदाची असते. पण डेटाबेस बिघडत नाही. तो सुसंगतच उठतो, थोडा मागे जाऊन. ‘एफसिंक’ बंद केलं, तर डेटाबेसच मोडू शकतो. वेग दोन्हींत वाढतो, जोखमीची जात मात्र वेगळी. शिवाय सिंक्रोनस कमिट एकेका व्यवहारापुरतं बंद करता येतं. मशीनच्या सेन्सरच्या नोंदी, लॉगिनचा इतिहास, रिपोर्टसाठीची तात्पुरती टेबलं यांना सूट द्या. चलन, साठा आणि पैसे यांना देऊ नका. मायएसक्यूएल डेटाबेस असता तर त्याच्या इनोडीबी या साठवणीच्या भागातल्या लॉग फ्लशची सेटिंग १ वरून २ वर नेऊन असाच सौदा झाला असता, साधारण एका सेकंदाचा.

पोचेच्या या साखळीवर डेटाबेसवाले किती अवलंबून असतात याचं २०१८ सालचं एक उदाहरण आहे. लिनक्समध्ये एफसिंक एकदा अपयशी ठरलं आणि डेटाबेसने पुन्हा मागितलं, तर दुसऱ्या वेळी यश कळवलं जाऊ शकतं, मधला डेटा डिस्कवर गेलेला नसतानाही, हे पोस्टग्रेसच्या विकासकांसमोर तेव्हा आलं. फेब्रुवारी २०१९च्या आवृत्त्यांपासून पोस्टग्रेस अशा वेळी पुन्हा प्रयत्न न करता थेट बंद पडतं आणि लॉगवरून सावरतं. कर्नलच्या एका अस्पष्ट पोचेसाठी त्यांनी अख्खा डेटाबेस खाली घेणं पत्करलं. आणि इथे आपण क्वेमूला मुद्दाम खोटी पोच द्यायला सांगणार.

ईआरपीवाल्याला आता एक प्रश्न विचारा: महिनाअखेरीचं पोस्टिंग प्रत्येक ओळीला वेगळं कमिट करतं का? मी पाहिलेल्या छोट्या ईआरपींत हे सर्रास आढळतं. ५,००० ओळी आणि कमिटला ४ मिलिसेकंद, म्हणजे २० सेकंद नुसती पोचेची वाट. तेच काम एका व्यवहारात केलं तर एकच कमिट, तेही आजच्याच हार्डवेअरवर आणि कुठलाही टिकाऊपणा न गमावता. त्यांना स्वतःच्या प्रोग्रामला हात लावण्यापेक्षा तुमचं स्टोरेज कमकुवत करणं सोपं वाटतं, हे समजण्यासारखं आहे. मान्य करू नका.

आता दुसरं सॉफ्टवेअर घ्यावं का? हे तुमच्याकडे आणखी काय चालतं यावर अवलंबून आहे. सेफ मुळात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ इथल्या सेज वाइल यांच्या संशोधनातून आलं. २००६च्या त्यांच्या शोधनिबंधापासून लक्ष्य होतं ते पेटाबाइटभर डेटा, खूप सर्व्हर, खूप क्लायंट आणि सगळ्यांचं मिळून थ्रूपुट. एका क्लायंटचं एक छोटं लिखाण लवकर व्हावं ही त्याची मुख्य ओढ कधीच नव्हती. तरी विश्वासार्हता न सोडता वेग वाढवण्याचं काम तिथे होत आलंय. २०१७च्या ल्युमिनस आवृत्तीत ब्लूस्टोर (डिस्कवर डेटा मांडण्याची नवी पद्धत) नेहमीचा पर्याय झाला तेव्हा आधीच्या फाइलस्टोरमधलं सगळ्या डेटाचं दुहेरी लिखाण बरंच टळलं आणि वर प्रत्येक ब्लॉकला चेकसमही (डेटा बिघडलाय का ते ओळखणारा आकडा) मिळाला.

ज्या प्रणाली वेगवान वाटतात त्यांचा वेग कुठून येतो तेही बघा. काफ्का ही संदेश साठवून पुढे देणारी प्रणाली नेहमीच्या सेटिंगमध्ये प्रत्येक संदेशाला एफसिंक करत नाही. एचडीएफएस या हडूपच्या फाइल साठवणीतही नुसतं एच-फ्लश केलं, तर डेटा डेटानोडांच्या मेमरीपर्यंत पोचल्याची हमी मिळते, डिस्कची नाही. ही लबाडी नाही, विचारपूर्वक धरलेलं गृहीतक आहे: तीन यंत्रं एकाच क्षणी पडणार नाहीत. मोठ्या डेटासेंटरमध्ये वेगळे रॅक, वेगळे वीजपुरवठे असताना ते बऱ्यापैकी खरं असतं. तुमचे तिन्ही सर्व्हर एकाच रॅकमध्ये, बहुधा एकाच यूपीएसवर आहेत. ट्रिप झाला की तिघेही एकत्र जाणार. तिथे तीन मेमरींतल्या तीन प्रती म्हणजे एकही प्रत नाही.

ग्लस्टर या सेफसारख्याच दुसऱ्या सॉफ्टवेअरने आज नवी सुरुवात मी करणार नाही. दोन प्रतींच्या मांडणीत स्प्लिट-ब्रेनची (दोन्ही बाजूंनी आपलीच प्रत खरी धरण्याची) डोकेदुखी जुनी आहे आणि रेड हॅटने त्यावरच्या आपल्या उत्पादनाचा पाठिंबा ३१ डिसेंबर २०२४ला संपवला. डीआरबीडी (एका सर्व्हरची डिस्क दुसऱ्यावर जशीच्या तशी उतरवणारं सॉफ्टवेअर) मात्र विचारात घ्या. त्याच्या ‘सी’ प्रोटोकॉलमध्ये दोन्हीकडच्या डिस्कवर लिहून झाल्यावरच पोच मिळते आणि वाट सेफपेक्षा खूप छोटी आहे. तिथेही दोन नोडांवर निर्णायक मतासाठी तिसरा लागतोच, तो तुमच्याकडे आहे. दुसरा मार्ग म्हणजे स्थानिक झेडएफएस (त्या त्या सर्व्हरपुरती फाइल प्रणाली) आणि प्रॉक्समॉक्सचं रिप्लिकेशन. ते नेहमीच्या सेटिंगला दर १५ मिनिटांनी चालतं, म्हणजे सर्व्हर गेला तर तेवढं काम जाईल. हे आधीच ठाऊक असतं आणि मालकाला स्पष्ट सांगता येतं. क्लस्टरवर फक्त ईआरपी आणि एखादा फाइल सर्व्हर असेल, तर स्थानिक पीएलपी डिस्क आणि पोस्टग्रेसचं स्वतःचं स्ट्रीमिंग रिप्लिकेशन मला जास्त आवडेल. पंधरा-वीस व्हीएम असतील आणि त्या चालू असतानाच एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवाव्या लागत असतील, तर सेफ ठेवा आणि डिस्क बदला.

सेफ ठेवणार असाल तर आणखी एक गोष्ट तुमच्या लक्षात आली नसेल. तीन सर्व्हर आणि तीन प्रती म्हणजे प्रत्येक सर्व्हरवर एक पूर्ण प्रत. एक डिस्क गेली तर तिचा डेटा त्याच सर्व्हरच्या उरलेल्या तीन डिस्कांवर जाणार, कारण दुसरीकडे जागा नाही. डिस्क ७० टक्के भरलेल्या असतील, तर चारचा भार तिघींवर येऊन त्या ९३ टक्क्यांवर जातात. सेफ ९० टक्क्यांना त्या डिस्कवर बॅकफिल (गेलेल्या प्रती पुन्हा भरणं) घेणं थांबवतो आणि ९५ला लिखाणच बंद करतो. म्हणजे एका डिस्कच्या मरणाने क्लस्टर स्वतःला बरं करू शकत नाही. ६० टक्क्यांच्या वर जाऊ नका. आणि रिकव्हरी चालू असताना लोक ओरडतात म्हणून तिचा वेग फार दाबू नका. दोनच प्रती उरलेल्या असण्याचा काळ त्याने लांबतो. दिवसा क्लायंटला झुकतं माप आणि रात्री रिकव्हरीला, हे सेफच्या क्विन्सी आवृत्तीपासूनच्या एमक्लॉक प्रोफाइलने (कामांचं प्राधान्य ठरवणाऱ्या सेटिंगने) सहज जमतं. डीप स्क्रबही (सगळा डेटा वाचून तपासणं) बंद करू नका, रात्रीच्या तासांत ढकला.

डिस्क घेताना एक व्यावहारिक अडचण येईल. पीएलपीवाल्या एम.२ डिस्क बहुतेक वेळा ११० मिलिमीटर लांबीच्या असतात आणि साध्या मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये ८० मिलिमीटरचीच जागा असते. ऑर्डर देण्याआधी झाकण उघडून मोजा. नसेल बसत, तर यू.२ (सर्व्हरच्या एसएसडींचा दुसरा प्रकार) साठी अडॅप्टर कार्ड लागेल. बदलताना एका वेळी एकाच सर्व्हरमधली एकच डिस्क काढा, सगळे प्लेसमेंट ग्रुप ‘ॲक्टिव्ह प्लस क्लीन’ होईपर्यंत थांबा, मगच पुढची. घाई करून दोन सर्व्हरमधल्या डिस्क एकदम काढल्या, तर काही डेटाची एकच प्रत उरेल आणि मिन-साइझ २ असल्यामुळे सेफ त्यावरचं काम थांबवेल. तसं झालं तर मिन-साइझ खाली आणायचा मोह टाळा. काढलेली डिस्क परत लावा.

बॅकअप वेगळ्या यंत्रावर आहे का, तेही तुम्ही लिहिलेलं नाही. कोणी टेबल चुकून पुसलं, तर सेफ ते तिन्ही प्रतींतून तितक्याच निष्ठेने पुसतो.

तर क्रम असा धरा: आधी फायोची चाचणी, त्याच दिवशी ईआरपीवाल्याला कमिटचा प्रश्न, मग यूपीएसची जोडणी बघणं, आणि खर्च सगळ्यात शेवटी. डिस्कचं नेमकं मॉडेल, चाचणीचा आकडा, सेफची आवृत्ती आणि क्लस्टर किती टक्के भरलंय एवढं इथे टाका. डिस्क सगळ्या बारा बदलायच्या की फक्त ईआरपीसाठी प्रत्येक सर्व्हरमध्ये एकेक पीएलपी डिस्क घालून वेगळा पूल (साठ्याचा वेगळा भाग) करायचा, हे त्या आकड्यांवरून सांगता येईल.